एका तांब्याचा हिशेब

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. "उद्यापासून टँकर सुरू होत आहेत. कृपया गाड्या धुऊ नयेत. बाल्कनीतील कुंड्यांना नळाचे पाणी घालू नये. सहकार्य अपेक्षित." खाली सतरा अंगठे. मग चौथ्या मजल्यावरच्या एका काकांनी विचारलं, "तुळशीला चालेल ना?" कमिटीकडून दोन मिनिटांत उत्तर आलं, "तुळस चालेल." त्यावर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली.

माझ्या बाल्कनीत त्या दिवशी चौदा कुंड्या होत्या आणि चौदाही गुलाबाच्या. गुलाब चालेल का, असं मी टाइप केलं आणि पुसलं. उत्तर काय येणार ते माहीत होतं. शिवाय ते उत्तर मला पटेल अशी भीती होती. मी लातूरची आहे.

आधी गुलाबांबद्दल सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांच्यामुळे आहे.

तीन वर्षांपूर्वी वर्क फ्रॉम होमच्या काळात हायवेवरच्या नर्सरीतून पाच रोपं आणली. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या, त्यात टपोऱ्या फुलांचे कलमी गुलाब. जानेवारी होता, पुण्याची हवा छान होती, फुलं इतकी आली की मी स्वतःला माळीण समजू लागले. मग मार्च संपला. दुपारी दोनच्या मीटिंगमधून बाल्कनीकडे बघितलं की पानं माना टाकून उभी असायची. मी कॅमेरा बंद करून जायचे आणि पाणी घालायचे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मे संपेपर्यंत पाचातली चार गेली.

कोड बिघडला की आपण लॉग बघतो. इथे लॉग नसतो, म्हणून मेलेलं रोप कुंडीतून उपटून बघितलं. माती ओली होती आणि मुळं तपकिरी, मऊ, कुजका वास येणारी. दोन झाडं मी पाणी घालूनच मारली होती. नंतर वाचून कळलं ते असं : कडक उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगानं उडतं, तितक्या वेगानं मुळं ते वर ओढू शकत नाहीत. मग पान आपली रंध्रं मिटतं आणि मान टाकतं. मातीत ओल असतानाही हे होतं. सहा-सात वाजता ऊन उतरलं की तेच पान पुन्हा ताठ होतं. दुपारची ती मलूल मान म्हणजे झाडानं स्वतःच केलेली सोय असते. त्यात आपण धावत जाऊन तापलेल्या मातीत पाणी ओततो, मातीतली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. खरं बघायचं ते सकाळी सहाला. तेव्हाही पान झुकलेलं असेल तर ते तहानलेलं आहे. नाहीतर बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं.

दुसरा गुन्हेगार कुंडी. एका दुपारी स्वयंपाकघरातला थर्मामीटर काळ्या कुंडीच्या कडेला मातीत खोचला. हवा 39 अंश होती, माती 46. जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्याला जाऊ शकतात, कुंडीतल्याची कुठे जाणार? मातीची कुंडी बरी. माठात पाणी गार होतं त्याच कारणानं तिच्यातली मुळं गार राहतात, तिच्या अंगातून पाणी झिरपतं आणि उडून जाताना उष्णता घेऊन जातं. पण म्हणजे गारव्याची किंमत पाण्यातच मोजायची. मातीच्या कुंडीला प्लास्टिकपेक्षा जास्त पाणी लागतं. फुकट काही नाही.

मग मी जुगाड केले. प्लास्टिकची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरल्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणली, गच्चीत कडकडीत वाळवली आणि मातीवर दोन-तीन इंच जाड थर दिला. (नीट वाळवा. पहिल्या वेळी मी घाई केली आणि आठवडाभर आमच्या घरात मुंग्यांचं राज्य होतं.) दुपारनंतर हिरवी जाळी. मार्चनंतर खत बंद, कारण उन्हात खतानं कोवळी फूट काढायला लावायची आणि मग ती करपताना बघायची, यात काही अर्थ नाही. छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर, उन्हाळ्यात नाही. पानांच्या खालच्या बाजूला सकाळी पाण्याचा फवारा, कारण कोरड्या उन्हात लाल कोळी तिथेच जाळं विणतो.

आणि कळ्या खुडायच्या. हे शिकायला मला सगळ्यात वेळ लागला. मे महिन्यात उमललेला गुलाब लहान असतो, पाकळ्या कमी, कडा भाजलेल्या, दीड दिवसात गळून जातो. झाड मात्र त्या दीड दिवसासाठी अंगातलं सगळं पणाला लावतं. म्हणून कळी वाटाण्याएवढी असतानाच चिमटीत धरून खुडायची. म्हणजे मार्च ते जून मी गुलाब वाढवते आणि गुलाब येऊ देत नाही. रोज पाणी घालते ते फुलासाठी नाही. मग कशासाठी, हा प्रश्न मला सोसायटीच्या त्या मेसेजच्या आधी पडला नव्हता.

मेसेज आल्यावर मी एक्सेल उघडलं. आमच्या पिढीचा देवघरातला कोपरा तोच आहे.

बारा इंची कुंडीला मे महिन्यात रोज दीड ते दोन लिटर लागतं. चौदा कुंड्या, धरा पंचवीस लिटर. साठ दिवसांचे पंधराशे. आमच्याकडे येणारा टँकर दहा हजार लिटरचा, म्हणजे अख्ख्या उन्हाळ्यात माझे गुलाब एका टँकरच्या सातव्या हिश्श्याइतकं पाणी पितात. शॉवर मिनिटाला साधारण दहा लिटर सोडतो. माझा नवरा रोज बारा मिनिटं शॉवरखाली उभा राहून गाणी म्हणतो. अडीच मिनिटं कमी गायला तर गुलाब सुटले. घरातलं आरओ मशीन एका शुद्ध लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. ग्रुपवर त्याबद्दल एकही मेसेज नव्हता.

या हिशेबानं मला दोन दिवस फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की मी जो कॉलम उघडलाय त्यात प्रत्येक वेळी दुसरा कुणीतरी जास्त दोषी निघतो. हे ऑफिसात नेहमीचं आहे. सर्व्हर बसला की प्रत्येक टीम ग्राफ घेऊन येते आणि प्रत्येकाचा ग्राफ सांगतो, आमचा लोड नगण्य होता. सगळे खरं बोलत असतात आणि सर्व्हर बसलेला असतो.

तिसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना टँकर गेटवर उभा होता, पाइप टाकीत सोडलेला. मी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, पाणी कुठनं आणता?"

"विहिरीवरनं, मॅडम." त्यानं एका गावाचं नाव सांगितलं, पंधरा-वीस किलोमीटरवरचं. "मालकाची विहीर आहे. शेती सोडली त्यानं. पाण्यात जास्त सुटतं."

"आणि गावाला पाणी?"

"गावालाबी टँकरच आहे की." तो हसला. मग माझं बोलणं ऐकून म्हणाला, "ताई, तुम्ही तिकडच्या का? मी परळीकडचा."

इतकंच. त्यानं मला काही सुनावलं नाही. पाइप काढला, सही घेतली आणि गेला. पण त्या दिवसापासून माझ्या एक्सेलमधल्या पंचवीस लिटरना एक विहीर चिकटली.

आता तुळस. तुळशीला सूट मिळाली याचा मला राग नाही, माझ्याकडेही लग्नाआधीपर्यंत होती. पण बघा, कढीपत्ता कुणी विचारला नसता तरी चालून गेला असता, कारण तो पोटात जातो. तुळस श्रद्धेत जाते. गुलाब कशातच जात नाही. तो चैन या सदरात पडतो आणि टंचाई आली की पहिली कात्री चैनीवर. वरवर हे इतकं सरळ दिसतं की वाद घालायची लाज वाटावी.

तरी एक माणूस मला या बाबतीत सारखा आठवतो. डॉ. बी. पी. पाल. गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला तोंड देतील अशा गव्हाच्या जातींवर त्यांनी आयुष्य घातलं, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक. याच माणसानं गुलाबाचे कितीतरी नवे वाण तयार केले आणि भारतातल्या गुलाबांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. ते पुस्तक आलं 1966 साली. तेव्हा देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. भुकेचा हिशेब त्यांच्याइतका जवळून बघणारे फार थोडे असतील, आणि तरी त्यांनी गुलाब ठेवून दिला नाही. यानं माझे चौदा गुलाब निर्दोष सुटतात असं नाही. पण आधी गहू, मग गुलाब, अशी रांग लावली की गुलाबाचा नंबर कधीच येत नाही, हे त्यांना कळलं असावं, असं मला वाटतं.

तर लातूर.

2016 चा एप्रिल. मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीचा अभ्यास करत होते. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या टाक्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून मार्चमध्येच तिथे जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी 144 कलम, हे वाक्य आता मित्रांना सांगितलं की त्यांना मी वाढवून सांगतेय असं वाटतं. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. एकूण पाच लाख. टीव्हीवर तो आकडा प्रचंड वाटायचा. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. भागाकार करा. माणशी सव्वा लिटरच्या आसपास. माझी एक कुंडी आज रोज त्याहून जास्त पिते. (नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, पण मला ती पहिलीच लक्षात आहे.)

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं, मैदानांना लागणाऱ्या पाण्यामुळे. फायनल मुंबईची बंगळुरूला गेली. तेव्हा सगळीकडे एकच युक्तिवाद ऐकू यायचा : वानखेडेवर न मारलेलं पाणी काय लातूरला जाणार आहे का? नाही जाणार. पाइपलाइन नाही, धरणं वेगळी, खोरी वेगळी. मला क्रिकेट आवडायचं, त्यामुळे मलाही तो युक्तिवाद बिनतोड वाटला होता. आणि तरी घरी बसून हिरवंगार मैदान टीव्हीवर बघताना पोटात काहीतरी व्हायचं, त्याला युक्तिवादात जागा नव्हती.

बऱ्याच वर्षांनी, एक प्रोजेक्ट संपून मी दोन महिने बेंचवर होते तेव्हा, डेरेक पार्फिट नावाच्या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाचं 'रीझन्स अँड पर्सन्स' वाचायला घेतलं. 1984 चं पुस्तक. सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण त्यात एक उदाहरण आहे, त्यापाशी मी थांबले. वाळवंटात खूप जखमी माणसं तहानेनं तळमळत पडली आहेत. दुसरीकडे तितकीच भली माणसं आहेत आणि प्रत्येकाकडे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पाणी आहे. सगळ्यांनी आपापलं पाणी एका टँकरात ओतायचं, टँकर वाळवंटात जाणार आणि पाणी सगळ्यांत सारखं वाटलं जाणार. म्हणजे मी माझं पाणी ओतलं तर प्रत्येक जखमीला फार तर एक थेंब जास्त मिळेल. त्या एका थेंबाचा फरक कुणालाच जाणवणार नाही. मग मी पाणी न ओतता निघून गेले तर मी काही वाईट केलं का?

पार्फिटचं म्हणणं, केलं. तो याला नैतिक गणितातली चूक म्हणतो. परिणाम जाणवण्याइतका नाही म्हणून तो शून्य धरायचा, ही ती चूक. आपण एकेकट्यानं काय केलं एवढंच बघून भागत नाही, आपण सगळ्यांनी मिळून काय केलं त्यातला माझा भाग कोणता, हेही बघावं लागतं. ऑफिसातल्या त्या ग्राफवाल्या मीटिंगला यापेक्षा चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

पण मला त्यात एक गोष्ट खटकते. त्याच्या उदाहरणात टँकर जखमींकडेच जातो. पाणी आणि तहान यांच्यामध्ये रस्ता आहे. आमच्या पुण्यात टँकर उलट्या दिशेनं येतो, विहिरीकडून माझ्याकडे. मी पंचवीस लिटर वाचवले तर ते टाकीत राहतील आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी त्यानं कार धुईल. मेसेज आला होता खरा, पण पहाटे पाचला बेसमेंटमध्ये पाइप चालू असतो, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या त्यागाला जायला रस्ताच नाही. मग त्याग कशाला करायचा, स्वतःला बरं वाटावं म्हणून?

इथे मला आजवर कुणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगावी लागेल.

लातूरच्या आमच्या घरासमोर लहानसं अंगण आहे. त्यात आईनं माहेराहून फांदी आणून लावलेला गावठी गुलाब आहे. गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा, वासाला असा की दारातून आत येताना आधी तो भेटतो. 2016 च्या त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा टँकरनं यायचं, कधी त्याहून उशिरा. आंघोळीचं पाणी परातीत धरून संडासाला वापरायचो. तांदूळ-डाळीचं धुवण गुलाबाला जायचं, पण दिवसाकाठी ते किती निघणार.

एका संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा टँकर चुकला होता, घरात पाहुणे आलेले. म्हणाल्या, "वहिनी, एक घागर द्या, परवा आमचा टँकर आला की परत करते." आई उंबऱ्यातच उभी होती. म्हणाली, "आमच्याकडंच नाही हो. दोनच घागरी उरल्यात." हे खरं होतं. काकू बरं म्हणाल्या आणि गेल्या.

दिवेलागणीला मी पुस्तक घेऊन बाहेर बसले होते. आई आतून तांब्या भरून आणताना दिसली. धुवणाचा नाही, घागरीतला स्वच्छ. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि तो गुलाबाच्या बुंध्याशी ओतला. मी पुस्तकात डोकं घातलं. तिला मी दिसले होते की नाही, मला माहीत नाही.

दहा वर्षं मी त्या तांब्याचा हिशेब करतेय. अठराव्या वर्षी मला आईची लाज वाटली होती. इंजिनिअरिंगच्या वर्षांत मी तिला सोडवून टाकलं : एक तांब्या म्हणजे एक लिटर, त्यानं काकूंच्या पाहुण्यांचं काय भागणार होतं? नंतर पार्फिट वाचल्यावर हीच ती चूक हे कळलं. आणि बागकाम शिकल्यावर गोष्ट आणखी विचित्र झाली.

कारण जमिनीतला, स्वतःच्या मुळांवर वाढलेला जुना गावठी गुलाब एका उन्हाळ्यात सहसा मरत नाही. तो पानं गाळतो, वाळल्या काटक्यांसारखा उभा राहतो आणि पाऊस पडला की खालून फुटतो. त्याची मुळं खोल असतात. आणि वरून ओतलेला एक तांब्या खोल जातच नाही. तापलेल्या मातीचे वरचे दोन इंच भिजतात, सकाळपर्यंत ते उडून जातं. उन्हाळ्यात थोडं थोडं वरवर पाणी घालणं हे तर नवशिक्याचं पहिलं चुकणं. घालायचं तर भरपूर, बुडापर्यंत, नाहीतर राहू द्यायचं. म्हणजे आईच्या त्या तांब्यानं गुलाबाचंही काही भागलं नव्हतं. काकूंनाही नाही, गुलाबालाही नाही. शुद्ध परिणामांच्या हिशेबात ते पाणी कुणाच्याच नावावर पडत नाही.

आणि तरी दहा वर्षं ते माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणजे हिशेबाचा कॉलम चुकीचा होता.

मला आता असं वाटतं की त्या संध्याकाळी जे घडलं त्यात लिटरांचा भाग थोडा होता. काकू दारात आल्या होत्या. त्यांनी तोंडानं मागितलं होतं. पाण्याला त्या क्षणी पत्ता होता, समोरचं घर. मागणाऱ्याला नाही म्हणून ते पाणी जमिनीत ओतणं आणि कुणी मागितलंच नसताना ओतणं, यात लिटरचा फरक नाही, तरी दोन्ही एक नाहीत. आणि माझ्याकडे पुण्यात कुणी मागायला येत नाही. येऊच शकत नाही. गेटवर वॉचमन आहे, व्हिजिटर ॲप आहे, ओटीपी आहे. त्या विहिरीच्या गावातली बाई माझ्या दारात घागर घेऊन उभी राहणार नाही. माझे हात आईपेक्षा स्वच्छ दिसतात ते मी आईपेक्षा चांगली आहे म्हणून नाही. माझ्या आणि त्या बाईच्या मध्ये एक टँकर आहे, बिल आहे, मेंटेनन्सची पावती आहे, म्हणून. नाही म्हणण्याची वेळच माझ्यावर येऊ दिलेली नाही, आणि त्याचे पैसे मी दरमहा भरते.

गुलाबाच्या बाजूनंही एक गोष्ट बोलावी लागेल. आईचा गुलाब तिच्याशिवाय तगला असता. माझे चौदा नाही तगणार. मीच त्यांना बारा इंचांत कोंडलं, त्यांची मुळं खाली पाणी शोधायला जाऊ शकत नाहीत, दोन दिवस मी गावाला गेले तर ती जळतात. कुणाला आपल्यावर इतकं अवलंबून करायचं आणि मग टंचाई आली की चैन म्हणून सोडून द्यायचं, हेही मला जमत नाही. तुळस चालेल म्हणणाऱ्यांना हे तुळशीबद्दल कळतं. म्हणून चौदा ही संख्याच चूक होती, असं मी ठरवलं. आठ कुंड्या वाटून टाकल्या. दोन ऑफिसातल्या मैत्रिणीला, जिच्या घराला अंगण आहे, बाकी गच्चीवर बोअरचं पाणी असलेल्या एका ओळखीच्या शाळेला. बोअरच्या क्षारांनी पानं पिवळी पडणार, शिरा तेवढ्या हिरव्या राहणार, हे त्यांना सांगून ठेवलंय.

उरलेल्या सहांना एकदा वापरलेलंच पाणी. भाजी धुतलेलं, तांदळाचं धुवण, आणि एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली. एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थिजून झालेलं, क्षार जवळपास नाहीत, गुलाबाला फार मानवतं. पण पुण्याची उन्हाळी हवा कोरडी, रात्रभरात बादली अर्धीसुद्धा भरत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीला नको, त्यात क्षार जास्त, त्यानं लादी पुसते. साबणाचंही नको. हे सगळं करून त्या विहिरीच्या गावाला एक थेंबही जास्त मिळत नाही, मला माहीत आहे. आणि बादली भरावी म्हणून आपण एसी जरा जास्तच लावतोय का, हा प्रश्न नवऱ्यानं विचारला तेव्हा मी विषय बदलला.

मागच्या रविवारी आईशी फोनवर बोलताना हे सगळं निघालं. मी कुंड्यांबद्दल सांगत होते, सांगता सांगता म्हणाले, "आई, वरवर पाणी घातलं तर ते मुळापर्यंत पोचतच नाही माहितीये. तू त्या दुष्काळात गुलाबाला तांब्या घालायचीस ना, ते सगळं वायाच गेलं असणार."

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला काय ते कळत नव्हतं? माहेरी शेत होतं आमच्या."

"मग कशाला घालत होतीस?"

"माती भिजली की वास येतो बघ. तेवढ्यासाठी. चार महिने नुसता फुफाटा होता लेकरा. पाणी मोजायचं, पाणी मोजायचं, दिवसभर दुसरं काही डोक्यात नाही. तो वास आला की वाटायचं, आपण माणसात आहोत अजून." आणि मग मी न विचारता, "त्या दिवशी काकूला नाही म्हणाले मी. तू बघत होतीस."

मी काही बोलले नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी घागर भरून तिच्या दारात नेली होती. घेतली नाही तिनं. भागलं म्हणाली. तशीच परत आणली." मागे कुकरची शिट्टी झाली. "कुठून भागलं असंल कुणास ठाऊक. आता मुलाकडं असते ती, औरंगाबादला. दिवाळीला फोन असतो तिचा. ते मात्र कधी बोललो नाही आम्ही."

मग तिनं गॅस बंद केला, वडिलांच्या गोळ्यांबद्दल सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "झाडांना पाणी झालं का तुझ्या?"

झालं म्हणाले. झालं नव्हतं. बादली अजून पाव भरायची होती.